हिरवं कडं

"अर्ज लिहून दे, शिक्का कुठं मारायचा ते सांग, साहेबांपुढं काय बोलायचं तेही सांग. पण कुणाला शांत दिसायला शिकवू नकोस, सानिका. माणूस शिकलेलं इथं टाकून जात नाही, घरी घेऊन जातो."

कुटुंब न्यायालयाच्या बालकक्षात बावीस वर्षं मुलं सांभाळणाऱ्या छायामावशी मला हे सांगत होत्या, तेव्हा मी फोनवर माझ्या मुलाचं कडं बघत होते. निनू दहा महिन्यांचा होता, पाळणाघरात होता आणि त्याचं कडं हिरवं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला, "मावशी, तुम्ही पण ना!" म्हणाले आणि माझ्या खिडकीवर परत गेले.

माझी खिडकी म्हणजे मदत खिडकी. वकील न लावता स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्यांना अर्ज लिहून द्यायचा, कागद क्रमानं लावून द्यायचे, तारीख समजावून सांगायची. मी काही कायदा शिकलेली नाही. समाजशास्त्राची पदवी आणि तीन महिन्यांचं प्रशिक्षण, एवढ्यावर ते काम मिळालं होतं. मी ते मनापासून करत होते, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला कदाचित तसं वाटणार नाही.

सिद्धराम हत्तुरे माझ्या खिडकीवर आला तो संक्रांतीनंतरच्या आठवड्यात.

"मॅडम! पोरीला भेटायचा अर्ज हितंच मिळतोय का?"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला.

"हळू बोला. मी इथंच आहे."

"हळूच बोलतोय की ओ."

तो टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. सोळा वर्षं चालत्या मागांच्या गोंगाटात उभं राहून त्याचे कान मंद झाले होते आणि आवाज कायमचा चढला होता. बायको कावेरी अकरा महिन्यांपूर्वी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली होती. तिनं कोर्टाला दिलेल्या जबाबात एक ओळ होती: 'नवरा सतत अंगावर ओरडतो, मुलगी घाबरते.' ती मी त्याला वाचून दाखवली.

"ओरडतो म्हणं," तो म्हणाला. "एकदा मागापुढं उभं राहून कुजबुजून दाखव म्हणावं."

मला हसू आलं. मला वाटतं, मी तिथंच त्याच्या बाजूची झाले.

"कधी हात उचललात?" मी विचारलं. अर्जात तो रकाना असतो, विचारावंच लागतं.

"कुणावर?"

"कावेरीवर. मुलीवर."

तो माझ्या टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत राहिला. "पोरीला कोण मारतंय ओ," तो म्हणाला.

मी रकान्यात 'नाही' लिहिलं.

बाकीचा अर्ज मी त्याच्याच शब्दांत लिहिला. तसाच लिहावा असा माझा आग्रह असायचा. 'अकरा महिने झाले, मी माझ्या मुलीला शांभवीला पाहिलेलं नाही. तिचा पुढचा दात हलत होता, तो पडला असेल. माझी वकील लावायची ऐपत नाही. मला तिला आठवड्यातून एकदा भेटू द्यावं.' खाली त्यानं सही केली. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली, त्यानं ती एका दमात संपवली.

आता कड्याविषयी सांगायला हवं.

आपलं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास आत घेताना दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमी होतं, सोडताना थोडं वाढतं. माणूस निवांत असला की हा चढउतार मोठा आणि सावकाश असतो. घाबरलेला असला की तो जवळजवळ सपाट होतो, ठोके एकाच चालीनं धावत सुटतात. मनगटातल्या कड्याला हे कळतं. मनगटावरचा घाम, त्वचेची उष्णता हेही कळतं. या सगळ्याची गोळाबेरीज करून ते तीन रंग दाखवतं: हिरवा, पिवळा, लाल.

याच्या पुढचा शोध सांगडीचा. एकमेकांवर जीव असलेली दोन माणसं जवळ बसली की थोड्या वेळानं त्यांच्या ठोक्यांचे चढउतार एकमेकांच्या मागं जायला लागतात, तान्ह्या बाळाचे आईच्या मागं जातात तसे. दोघांच्याही हातात कडं असेल तर ही जुळणी आकड्यात मोजता येते. या आकड्याचं नाव सांगड. शंभरपैकी साठच्या वर गेली तर नातं जिवंत आहे, असं धरायचं.

न्यायालयांनी हे यंत्र का घेतलं, तेही समजण्यासारखं आहे. मुलांना पढवून आणतात. 'पप्पा वाईट आहेत', 'मम्मी उपाशी ठेवते' हे पाच वर्षांचं मूल पाठ केल्यासारखं म्हणतं, आणि न्यायाधीशांना खरं काय ते कळत नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की मुलाकडून शब्द वदवून घेता येतात, ठोके वदवून घेता येत नाहीत. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तर अर्ज दाखल झाला की बालकक्षात पाऊण तासाच्या तीन चाचणी भेटी. त्यातल्या दोन भेटींत सांगड साठच्या वर आणि मुलाचं कडं हिरवं राहिलं, तर भेटीचा आदेश. नाहीतर सहा महिने थांबा.

पहिल्या भेटीला सिद्धराम नवा शर्ट घालून आला. कारखान्यातल्या कुणाला तरी सांगून त्यानं एका छोट्या टॉवेलच्या काठात 'शांभवी' असं नाव विणून घेतलं होतं. मुलगी दारातच उभी राहिली. पुढचा दात पडून नवा अर्धा आला होता.

"शांभू!" तो म्हणाला. म्हणजे त्याच्या मानानं म्हणालाच; बाहेर ते हाक मारल्यासारखं ऐकू आलं.

मुलगी दचकली. कडं पिवळं झालं. ते बघून त्याचं पिवळं झालं, आणि त्याचं बघून तिचं लाल. सांगड एकतीस. टॉवेल तिनं घेतला नाही.

भेट संपल्यावर तो माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिला. "मॅडम, मी काय बी केलं नाही ओ. नुसतं नाव घेतलं."

मला राग आला होता, यंत्राचा. जो बाप अकरा महिन्यांनी मुलीसमोर उभा राहतो, त्याचं काळीज धडधडणारच. यंत्र त्या धडधडीला नातं नसणं म्हणतं; मग भेट नाही, भेट नाही म्हणून नातं आणखी तुटतं, आणि पुढच्या वेळी आकडा आणखी खाली. वकील लावणारे पालक मात्र तयारीनं यायचे. शहरात त्याचे वर्ग निघाले होते, 'भेटीपूर्व मार्गदर्शन' अशा पाट्यांचे. तिथून आलेल्यांची सांगड कधी सत्तरच्या खाली नसायची. मला वाटलं, ते जे विकत घेतात ते माझ्या खिडकीवरच्या माणसांना फुकट मिळालं तर त्यात गैर काय?

झेरॉक्सच्या दुकानामागं एक ओटा आहे. दुपारच्या सुट्टीत मी त्याला तिथं बसवलं.

"डोळे मिटा. शांभवी तान्ही असताना तिला झोपवताना कसं थोपटत होता?"

"मी नव्हतो थोपटत. कावेरी थोपटायची. मी पाळीला असायचो."

"मग आता थोपटा. स्वतःच्याच मांडीवर. तळवा सैल सोडा. चार थापा श्वास आत, सहा थापा श्वास बाहेर. बाहेर सोडताना घाई नाही."

लांब उच्छ्वासानं ठोके मंदावतात, यात जादू काही नाही, शाळेतल्या पुस्तकातलं आहे. आणि शेजारी बसलेलं मूल नकळत मोठ्याच्या श्वासामागं जातं. थोपटण्याची युक्ती मात्र माझी होती. निनूचं कडं पिवळं झालं की मी त्याला अशीच थोपटायचे, मिनिटाभरात हिरवं.

सिद्धरामला ते पटकन जमलं. "ही तर मागाचीच चाल की ओ," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. हसताना चांगला दिसायचा.

दुसऱ्या भेटीत सांगड सहासष्ट, तिसऱ्या भेटीत एकाहत्तर. दर रविवारी सहा तास, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग एक महिना मुलीनं वडिलांकडं राहायचं, कडं हातात ठेवून, म्हणजे आईला फोनवर रंग दिसत राहील, असा आदेश झाला. वकिलाशिवाय. माझ्या खिडकीवरून असा आदेश मिळवणारा तो सातवा बाप. त्यानं पेढे आणले, आणि पेढ्याबरोबर नाव विणलेला टॉवेल. यावर 'निनाद' असं विणलेलं होतं. मी त्याला मुलाचं नाव कधी सांगितलं, आठवत नाही. सांगितलं असणार.

जिन्यात कावेरी उभी होती. अंगानं बारीक, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला.

"ताई, तुम्हीच अर्ज लिहिला ना त्यांचा? एक विचारू? माणूस अकरा महिन्यांत एवढा बदलतो?"

"यंत्रानं मोजलंय," मी म्हणाले.

"यंत्र चुकत नाही ना?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचं. उत्तर तोंडपाठ होतं. "नाही," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि रेलिंग धरून एकेक पायरी खाली गेली.

सप्टेंबरात सहामाही तपासणी असते. मी व्हरांड्यातून जात होते, छायामावशींनी बालकक्षाच्या दारातून बोलावलं.

"ये इकडं. काही बोलू नकोस, नुसती बघ."

आत शांभवी रंगीत ठोकळे रचत बसली होती. शेजारच्या खुर्चीत सिद्धराम. भिंतीवरच्या पडद्यावर तिची हिरवी रेघ, संथ, सुंदर. सांगड ब्याऐंशी.

"छान चाललंय की," मी म्हणाले.

"रेघ नको बघू. तिच्याकडं बघ. दर रविवारी हिची ने-आण माझ्यापुढंच होते, सहा महिन्यांत ही पोरगी एकदा हटून बसलेली नाही. एकदा 'मला नको' म्हणालेली नाही. परवा दार तिच्या बोटावर आपटलं. माझाच धक्का लागला. नख काळं झालं, बघ. रडली नाही. कडं पिवळंसुद्धा झालं नाही."

तेवढ्यात सिद्धरामला कुणाचा तरी फोन आला. "हां, बोल!" तो ओरडला, त्याच्या सवयीनं.

शांभवीच्या डाव्या हातातला ठोकळा हवेतच थांबला. उजवा हात टेबलाखाली गेला. मी वाकून पाहिलं. तळवा सैल, स्वतःच्याच मांडीवर. एक, दोन, तीन, चार. मग सहा. चेहऱ्यावर काहीच नाही. पडद्यावरची रेघ हललीसुद्धा नाही.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी 'बघ, सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सिद्धराम फोनवर बोलत बाहेर गेला, तशी मी मुलीजवळ जाऊन बसले.

"हे काय करतेस गं हातानं?"

"थोपटते."

"कुणाला?"

तिला प्रश्न कळला नाही. "थोपटलं की हिरवं होतं," तिनं मला समजावून सांगितलं, मोठं माणूस लहानाला सांगतं तसं. "पप्पांनी शिकवलं. पिवळं झालं की पप्पांना परत भेटू देत नाहीत. मग पप्पा एकटे राहतात."

"तुला भीती वाटते का पप्पांची?"

हात पुन्हा टेबलाखाली गेला. चार आत, सहा बाहेर. ती माझ्याकडं बघून नीट हसली.

"हिरवं आहे," ती म्हणाली आणि मनगट पुढं करून मला दाखवलं.

सिद्धरामला मी जिन्याखाली गाठलं.

"तुम्ही तिला का शिकवलंत ते?"

"चुकलं काय? तुम्हीच शिकवलं की मला."

"तुम्हाला शिकवलं. तिला नाही."

"ती दचकते ओ माझ्या आवाजानं. मी काय करू, घसा बदलून आणू? दचकली की पिवळं. दोनदा पिवळं झालं की तुमचे साहेब भेट बंद करणार. मग परत अकरा महिने. तुम्ही राहून बघा की अकरा महिने तुमच्या निनादशिवाय." त्याचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही सांगू शकते.

"सिद्धराम, खरं सांगा. मारता तिला?"

तो रेलिंगकडं बघत राहिला. अर्जाच्या दिवशी स्टेपलरकडं बघत होता तसाच.

"कडं बघा की," तो शेवटी म्हणाला. "हिरवं आहे का नाही?"

त्यानं एकदा 'नाही' म्हटलं असतं! खोटं का होईना. मी त्या माणसाला वर्षभरात दोनदा तोच प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा त्यानं उत्तर दिलं नाही. पहिल्यांदा ते मीच त्याच्या वतीनं लिहून टाकलं होतं.

कदाचित तो नुसता मोठ्या आवाजाचा, मुलीवाचून तडफडणारा बाप असेल. कदाचित नसेल. आता हे कळायचा मार्ग उरलेला नाही आणि तो मार्ग मी बंद केलाय. तिच्या मनगटावर खरं सांगणारी एक वस्तू होती. त्या वस्तूला गप्प बसवायची युक्ती मी झेरॉक्सच्या दुकानामागं बसून शिकवली. आणि समजा तो अगदी साधा बाप असला, तरी सात वर्षांच्या मुलीनं घाबरायचं नाही, दुखलं तरी दुखू द्यायचं नाही, बापाची भेट टिकवायची जबाबदारी आपल्या मांडीवर थोपटत बसायची, हे काय आहे?

मी कावेरीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी आत्ताच बघितलं. हिरवंच आहे."

"कावेरी, तेच तर सांगतेय..."

"सुरुवातीला मीही फार घाबरत होते. रविवारी सहा तास फोन हातात धरून बसायचे. आता नाही बसत. रंग बघते आणि कामाला लागते." मग दुखावल्या आवाजात, "यंत्र चुकत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

त्याच आठवड्यात मी न्यायालयाच्या प्रबंधक मॅडमना लेखी दिलं. काय केलं, कुणाला शिकवलं, किती जणांना: अडतीस पालक. मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"शंभरहून जास्त तासांची नोंद पूर्ण हिरवी आहे," त्या म्हणाल्या. "त्याविरुद्ध तुमच्याकडं काय आहे? एका मुलीचा हात?"

"हो," मी म्हणाले. "तेवढंच आहे."

त्या वाईट बाई नव्हत्या. कागद त्यांनी वर पाठवला. वरून दोन गोष्टी आल्या. मला खिडकीवरून कमी करण्यात आलं, आणि या प्रकरणातल्या कुणाशीही मी संपर्क ठेवायचा नाही, असा आदेश झाला. फेरतपासणीचा विषय 'विचाराधीन' आहे. छायामावशींनीही आपलं म्हणणं लिहून दिलं होतं. ते 'निरीक्षण, मोजमाप नव्हे' असा शेरा मारून फाईलला लावलं गेलं.

आता मी घरी असते. निनू सव्वादोन वर्षांचा झालाय. परवा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडला. ओठ फुटला, रक्त आलं, आणि माझा हात, मुलाकडं जायच्या आधी, फोनकडं गेला. रंग बघायला. मग मी त्याला उचलून थोपटायला लागले, चार आणि सहा, आणि मध्येच थांबले. इतके दिवस मी मूल थोपटत नव्हतेच. मी फोन थोपटत होते. मी त्याला नुसतं मांडीवर घेतलं. तो अर्धा तास भोकाड पसरून रडला. नवरा आतून धावत आला, "अगं, लाल झालंय, लाल! काहीतरी कर ना!"

"होऊ दे," मी म्हणाले. "दुखतंय त्याला."

कडं मी त्या दिवशी काढून कपाटात ठेवलं.

आता सुट्टी सुरू झालीय. शांभवी महिनाभरासाठी सिद्धरामकडं आहे. त्यानं नोकरी बदललीय, मावशींकडून कळलं. तो आता बोरसावळीला असतो, टॉवेलच्या नव्या कारखान्यामागं, कामगारांच्या चाळीत, शेवटून दुसऱ्या खोलीत. दारात जुन्या मागाचं लोखंडी चाक टेकवून ठेवलंय. तिथून रोज हिरवा रंग कावेरीच्या फोनवर येतो, आणि कावेरी कामाला लागते.

मनाई मला आहे. तुम्हाला नाही.

तुम्ही बोरसावळीत राहत असाल, किंवा तुमचं कुणी तिथं असेल, तर वाटी घेऊन त्या दारात जा. म्हणा, विरजण संपलंय, चमचाभर द्याल का? विरजण मागायला आलेल्याला दारातून कुणी परत पाठवत नाही. तो स्वतः आत जाईल, चमचा शोधायला वेळ लावेल. शांभवी दारात येईल. पुढचा दात आता पूर्ण आलेला असेल. तिला नाव विचारा, काय खाल्लं विचारा, उगाच काहीही विचारा, थोडं रेंगाळा. ती हसेल. मनगट पुढं करून दाखवेल. तिकडं बघू नका.

तिचा उजवा हात कुठं आहे, ते बघा. आणि तो मांडीवर थोपटत असेल, तर वाटी तिथंच ठेवा, तिच्याजवळ खाली बसा, आणि लगेच उठू नका.